आधी टेकू

मकरंदने डेन्व्हरहून पाच वस्तूंची यादी पाठवली आहे. दोन बायपॉड, दोन प्रकारच्या काठ्या, एक कार्बन फायबरचा ट्रायपॉड; प्रत्येकापुढे किंमत आणि वजन. खाली एक ओळ : "काका, यातलं काय घेऊ? पहिलाच हंगाम आहे, चूक व्हायला नको."

मी उलट विचारलं, तू जिथे बसणार आहेस तिथलं झुडूप किती उंच आहे? त्याला सांगता येईना. रायफलीला टेकू निवडायचा तर सुरुवात तिथूनच होते, म्हणून त्याच्यासाठी वहीतली जुनी-नवी टिपणं एकत्र करतो आहे. मला स्वतःला हे कळायला सात-आठ हंगाम लागले, आणि त्यातला एक हंगाम मी अजून विसरलेलो नाही.

*

कोलोरॅडोचा वायव्य कोपरा, क्रेग गावाच्या पलीकडे. इथली जमीन सेजब्रशची. करड्या-हिरव्या पानांचं हे झुडूप म्हणजे आपल्या दवण्याचा थोरला चुलतभाऊ. दोघांचं कूळ एकच, आर्टेमिसिया. पहाटे दंवात चालताना पँटला घासलं की जो उग्र वास येतो, त्याने मला दर वेळी चैत्रातल्या जोतिबाच्या वाटेची आठवण होते.

वास सोडा, उंची बघा. माळावर ते घोट्यापर्यंत असतं, उतारावर गुडघ्यापर्यंत, आणि ओहोळाच्या कडेला, जिथे माती खोल आहे तिथे, कमरेच्याही वर जातं. पोटावर झोपलात की समोर फक्त पानं. आखूड बायपॉड, जो सहा ते नऊ इंच उघडतो आणि दुकानात सगळ्यात जास्त खपतो, तो इथे दहातल्या नऊ वेळा निरुपयोगी. त्याच्यात दोष काही नाही. चरलेल्या गवताच्या सपाट माळावर प्राँगहॉर्नच्या, त्या काळविटासारख्या जनावराच्या, मागे जाणाऱ्याला त्याहून चांगला टेकू मिळणार नाही. पण म्यूल डिअर, ते खेचरासारख्या लांब कानांचं हरीण, राहतं उतारावर आणि झुडपात. तिथे माणसाला बसावं लागतं.

*

एक हिशेब. रायफल दस्त्याच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर. दस्ता खांद्यात घट्ट आहे असं धरा आणि नळीचं तोंड एक मिलिमीटर हलवा. मीटरमागे एक मिलिमीटर, म्हणजे २०० मीटरवर २०० मिलिमीटर, वीस सेंटिमीटर. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा आहे ती जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या वर्तुळाची. जेवणाच्या कागदी ताटलीएवढी. खांद्यामागे, खालच्या बाजूला.

म्हणजे नेम मधोमध असला तरी अर्ध्या मिलिमीटरची मुभा. आणि उभ्याने, हातावर रायफल तोलून, डोंगर चढून धाप लागलेली असताना नळीचं तोंड एक मिलिमीटर नाही, चांगलं सात-आठ मिलिमीटर फिरतं. ज्याला खोटं वाटतं त्याने रिकामी रायफल घेऊन स्कोपमधून समोरच्या विजेच्या खांबावरचा खिळा बघावा.

*

आजोबांची ठासणीची बंदूक होती. कुडाळ तालुक्यात आमच्याकडे तेव्हा बऱ्याच घरांत असायची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. तो आजोबांच्या वर्षातला एक ठरलेला फेरा. राखणीला गेले की बहुतेक वेळा नुसता बार काढायचे, आवाजाने डुकरं भाताच्या मळीतून उधळायची.

दसऱ्याला बंदुकीची पूजा झाली की मात्र परसात एक करवंटी टांगायची आणि तिच्यावर एकच बार. त्यासाठी आजोबांनी किंजळीच्या फांदीचं एक बेचकं तोडून तासून ठेवलेलं होतं, साधारण छातीइतकं उंच. बेचक्याच्या खोबणीत जुन्या गोणपाटाची घडी. मी एकदा बेचक्याशिवाय बंदूक उचलायला गेलो तर दंड धरून म्हणाले, "झिला, आधी टेको घे, मगे बार काड." ठासणीची बंदूक एकदाच बोलते. दारू, गोळी, गज, केप असं सगळं पुन्हा करेपर्यंत समोरचं काही थांबत नाही.

माझ्या हातात आज बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे आणि मॅगझिनमध्ये आणखी तीन काडतुसं आहेत. तरी मी ती एकदाच बोलते असंच समजून चालतो. पहिली गोळी चुकल्यावर पळत्या हरणावर घाईने मारलेली दुसरी गोळी बहुधा अधिक वाईट जागी लागते.

*

बेचक्याचा वंश फार जुना आहे. सोळाव्या शतकातली स्पॅनिश मस्केट आठ-नऊ किलोची होती. शिपाई एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात लोखंडी बेचक्याची काठी घेऊन चालायचा. डच चित्रकार याकोब दे गेन याचं १६०७ सालचं कवायतीचं पुस्तक आहे, त्यातल्या मस्केटधाऱ्यांच्या हातात ती काठी दिसते. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि सतराव्या शतकात फौजांनी ती टाकून दिली.

तिबेटी पशुपालकांनी टाकली नाही. त्यांच्या तोड्याच्या बंदुकीला पुढे दोन लांब टोकं बिजागरीवर बसवलेली असत, कधी लाकडाची, कधी चिरू हरणाच्या शिंगांची. चालताना दुमडून ठेवायची, बसलं की खाली पाडायची. आजचा बायपॉड म्हणजे रचनेने हेच. उघड्या पठारावर जनावर लांबूनच बघतं. तिथे जवळ जाता येत नाही म्हणून टेकू बंदुकीलाच जोडावा लागला. जमीन टेकू ठरवते, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडचा जंबुरा, ती लहान तोफ, तर उंटाच्या खोगिरावरच्या खुंटीवर फिरायचा.

*

कैची. दोन काठ्या एकमेकींवर आडव्या टाकून बांधायच्या आणि वरच्या खोबणीत रायफल ठेवायची. इंग्रजीत याला काहीही म्हणोत, मराठी माणसाला कैची म्हटलं की लगेच कळतं. छपराच्या वाशांनाही आपण तेच म्हणतो.

१८७०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवर बायसनची कत्तल झाली ती बरीचशी याच टेकूवरून. जाड नळीच्या शार्प्स रायफली पाच-सात किलोच्या. हातावर तोलून दिवसभर मारणं अशक्य. कातड्यांचा धंदा करणारे शिकारी कळपापासून दोन-तीनशे यार्डांवर जमिनीवर बसायचे, कैची रोवायचे आणि एकाच जागेवरून मारत राहायचे. १८८९मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी उरलेल्या बायसनची मोजदाद प्रसिद्ध केली तेव्हा सगळ्या उत्तर अमेरिकेत, पाळीव धरून, १,०९१ जनावरं निघाली.

मी कैची वापरतो, म्हणून हा आकडा वहीत लिहून ठेवला आहे. आज मला एका परवान्यावर एकच हरीण मिळतं, आणि परवानाही १९९९ पासून या राज्यात सोडतीनेच. बंदुकांवर आणि काडतुसांवर जो कर बसतो त्यातून १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे इथल्या वन्यजीवांचं काम चालतं. हे सगळं त्या कत्तलीनंतर सुचलेलं शहाणपण. ते टिकवायचं असेल तर निदान माझी एक गोळी नीट लागली पाहिजे.

*

तो हंगाम. तेरा वर्षं झाली.

मी तेव्हा सरकत्या नळ्यांच्या काठ्या घेतल्या होत्या. पिळून घट्ट करायच्या, वजनाला हलक्या, पिशवीत मावणाऱ्या. दुकानात उत्तम उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी १८० यार्डांवर नर हरीण आडवं उभं राहिलं, खाली मान घालून. मी बसलो, काठ्या लावल्या, श्वास सोडला, आणि चाप ओढता ओढता डाव्या काठीचा पीळ सुटून ती दोन बोटं खाली गेली. खोबण डावीकडे कलली. बार झाला.

जनावराने पाठ कमानीसारखी वर केली आणि तसंच, पाय ओढत, सेजब्रशमध्ये शिरलं. छातीत लागलेलं हरीण असं करत नाही. जागेवर गेलो तर पांढरट आखूड केस आणि हिरवट ओल. पोटात लागली होती. अशा वेळी लगेच मागे गेलं की ते आणखी लांब जातं, म्हणून थांबावं लागतं; नुसतं बसून. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गोळी झाडायची कायदेशीर वेळ संपते. मी टॉर्च घेऊन साडेनऊपर्यंत एकेक पान बघत होतो. सकाळी ते ओहोळात सापडलं. मागचा भाग कोल्ह्यांनी, इथल्या कायोटींनी, खाल्लेला होता. डोळे उघडे होते आणि पापण्यांवर दंव होतं.

त्या हरणाची ती रात्र माझ्यामुळे तशी गेली. काठीचा पीळ मी चालायला सुरुवात करण्यापूर्वी हाताने दाबून बघायला हवा होता. बघितला नाही.

तेव्हापासून नियम : पिळाचे सांधे नकोत. खटक्याने बंद होणारे चालतील, आणि ते दर पहाटे, अंगाचा भार टाकून, जमिनीवर दाबून बघायचे.

*

नळी कधीही कशावरही टेकवू नये. दगडावर, कुंपणाच्या खांबावर, झाडाच्या फांदीवर टेकवायचं ते नळीखालचं पुढचं लाकूड. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते; तिला कुठे अडवलं तर थरथर बदलते आणि गोळी भलतीकडे जाते. लाकूडसुद्धा कठीण दगडावर थेट ठेवलं तर रायफल उसळते आणि गोळी वर लागते. मध्ये टोपी, हातमोजा, आपलाच डावा तळवा. आजोबांच्या बेचक्यात गोणपाटाची घडी उगीच नव्हती.

*

स्कोपमधून समोर सगळं मोकळं दिसतं. पण नळी स्कोपच्या दीड-दोन इंच खाली असते. टेकू खाली लावून आडोशामागून मारताना गोळी समोरच्या खडकाला किंवा काटकीला लागते आणि शिकाऱ्याला वाटतं आपण चुकलो. मकरंदला हे नीट सांगायचं : टेकू लावल्यावर एकदा डोळा स्कोपवरून काढून नळीच्या बाजूने बघ.

*

आफ्रिकेतल्या, विशेषतः नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शिकारीत तीन काठ्यांची तिवई चालते, उभ्याने मारण्यासाठी. तीन बांबू किंवा लाकडी दांडे, वरच्या टोकापाशी टायरच्या ट्यूबची पट्टी. माग काढणारा माणूस ती खांद्यावर घेऊन पुढे चालतो आणि जनावर दिसलं की उघडून रोवतो. तिथलं गवत आणि काटेरी झुडूप छातीएवढं, बसलं की काही दिसत नाही. आल्प्समधले शिकारी हेझलची माणसापेक्षा उंच एकच काठी बाळगतात. उतारावर ती चालायला लागते आणि मारताना काठी आणि रायफल एकाच मुठीत धरायची.

ही दोन्ही साधनं गरिबांची आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत.

*

आता मकरंदच्या यादीतला कार्बनचा ट्रायपॉड. यावर थोडं लांब लिहितो, कारण सध्या सगळ्यांचा ओढा तिकडेच आहे.

गुण खरे आहेत. वरच्या पकडीत रायफल अडकवली की हात सोडले तरी ती हलत नाही. बसून, गुडघ्यावर, उभ्याने, तिन्ही उंचीला चालतो. त्याच्यावर दुर्बीण लावून तासन् तास समोरचा डोंगर न्याहाळता येतो, आणि या भागातली निम्मी शिकार बसून न्याहाळण्यातच असते. वाऱ्याने हलायला लागला तर मधल्या आकड्याला पाठपिशवी टांगायची.

पण वजन दीड ते दोन किलो, वरच्या डोक्यासह आणखी. आणि वेळ. दुर्बीण काढायची, रायफल चढवायची, कळ फिरवायची, पाय लांब-आखूड करायचे. सराव असलेल्या माणसालाही वीस-पंचवीस सेकंद. झोपलेलं किंवा निवांत चरणारं हरीण तेवढा वेळ देतं. चालता चालता उठलेलं देत नाही. म्यूल डिअर उठलं की चारी पाय एकदम उचलत उड्या मारत जातं आणि पुष्कळदा कड्याजवळ पोहोचून वळून मागे बघतं. ते उभं राहणं चार-पाच सेकंदांचं. त्यातही ते कड्यावर, आकाशाच्या रेषेत असेल तर मारायचं नाहीच. गोळी पलीकडे कुठे जाईल ते दिसत नाही.

म्हणून माझं मत : जो डोंगरावर एका जागी बसून न्याहाळतो, ज्याला दुर्बिणीसाठी तिपाई न्यायचीच आहे, त्याने ट्रायपॉड जरूर घ्यावा, दोन कामं एका वजनात होतात. जो दिवसभर चालतो त्याने केवळ टेकूसाठी दोन किलो पाठीवर घेऊ नये. चौथ्या मैलावर तो ते गाडीत ठेवून यायला लागेल, आणि गाडीत ठेवलेल्या टेकूचा उपयोग नाही.

*

बायपॉड रायफलीलाच असतो, विसरत नाही, हे खरं. उंच बायपॉड, जो साधारण साडेतेरा ते सत्तावीस इंच उघडतो, बसून मारायला चालतो. पण अर्धा किलोपर्यंतचं वजन रायफलीच्या नाकावर येतं आणि झुडपातून जाताना दर दहा पावलांना अडकतो. थंड, निवांत पहाटे स्प्रिंगचा 'खट्' आवाज शंभर यार्डांवर ऐकू जातो. पाय एकेक हाताने धरून हळू उघडायचे. वरचा भाग डावी-उजवीकडे कलणारा हवा, नाहीतर उतारावर रायफल तिरपी राहते. खडकावर रबराची पावलं चांगली, गोठलेल्या मातीत टोकदार.

*

कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्यपदक, ४५१.४. त्या रात्री इथे मी एकटा जागा होतो आणि सामना पुन्हा पुन्हा पाहिला.

त्यांच्या खेळात कसलाच टेकू नसतो. गुडघ्यावर आणि झोपून मारताना फक्त दंडाला बांधलेला पट्टा. उभ्याने तोही नाही. समोरच्या दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. हे नेमबाज रायफल स्नायूंनी धरत नाहीत, हाडांवर ठेवतात. रायफलीचं वजन हाडातून जमिनीत उतरवायचं, स्नायू सैल. आपण शिकाऱ्यांनी हेच त्यांच्याकडून घ्यायचं. टेकू असला तरी बाकीचं शरीर नीट बसलेलं हवं. बसून मारताना कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नये, हाडावर हाड घसरतं. दंडाचा मागचा मांसल भाग गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकवावा.

आणि त्यांच्याच शाळेतली एक परीक्षा : टेकू लावून नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. क्रॉसहेअर जागेवर असेल तर ठीक. सरकलेला असेल तर हाताने ओढून आणायचा नाही. बूड सरकवून बसायचं.

*

पुढचा टेकू सगळे घेतात, मागचा कुणी घेत नाही. कैचीवर पुढचं लाकूड स्थिर होतं, पण दस्ता खांद्याबरोबर वर-खाली होतच राहतो. एन.सी.सी.च्या रेंजवर पॉइंट टू-टू मारताना पुढे वाळूची पोती असत, दोन्ही कोपरं जमिनीवर रोवलेली. पाच गोळ्यांचं ग्रुपिंग रुपयाएवढं आलं की उस्ताद पाठीवर थाप मारत. तेव्हा वाटायचं ही पोत्यांची करामत. निम्मी करामत कोपरांखालच्या जमिनीची होती.

डोंगरावर बसलेल्या माणसाच्या उजव्या कोपराखाली जमीन नसते. तिथे पाठपिशवी उभी करायची, मांडी आणि काखेच्या मध्ये, आणि कोपर तिच्यावर. दोन टेकू झाले. एवढ्याने माझा १०० यार्डांवरचा गट ताटलीवरून बशीवर आला. खर्च शून्य.

*

ताडोब्यात जिप्सीच्या दांडीवर कॅमेऱ्याची लांब लेन्स ठेवायला फोटोग्राफर बीन बॅग वापरतात. चंद्रपूरचा एक मित्र घरून रिकामी पिशवी नेतो आणि मोहर्लीला पोहोचल्यावर दुकानातून तांदूळ घेऊन भरतो. येताना तांदूळ तिथल्याच कुणाला देऊन टाकतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गेली ती योग्यच गेली, पण टेकूची विद्या कॅमेऱ्याने सांभाळून ठेवली आहे. तीच लांब नळी, तोच श्वास, तोच अर्धा मिलिमीटर. सुट्टीत गेलो की मी त्याच्या शेजारी बसतो.

इथे त्याच पिशवीची लहान बहीण मी दस्त्याखाली ठेवतो, मुठीत मावेल एवढी. तांदूळ ओला झाला की फुगतो, म्हणून प्लॅस्टिकचे हलके मणी.

*

माझी कैची कशी केली ते लिहून ठेवतो.

चालायच्या दोन काठ्या, खटक्याच्या. त्या हातात असतातच, वेगळं वजन नाही. उतारावर गुडघे वाचतात ते आणखी. मुठीखाली एक वीतभर अंतरावर एकमेकींवर टाकायच्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची चार बोटं रुंद पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळायची. फार घट्ट नको, काठ्या उघडता-मिटता आल्या पाहिजेत. उणे दहाला रबर कडक होतं, म्हणून पहाटे पट्टी खिशात ठेवायची, अंगाच्या उबेला. मुठींना मेंढीच्या कातड्याचा तुकडा शिवला आहे, लाकूड घासल्याचा आवाज येऊ नये म्हणून.

बसायचं. काठ्यांची खालची टोकं पुढे, फाकवून, मातीत दाबून. वरची मिठी थोडी आपल्याकडे कललेली. डाव्या हाताने मिठी आणि रायफलीचं लाकूड एकत्र मुठीत धरून किंचित खाली ओढायचं. उजव्या कोपराखाली पिशवी. उभ्यावरून तिथपर्यंत मला नऊ सेकंद लागतात. हे नऊ सेकंद जुलै-ऑगस्टमध्ये मागच्या अंगणात कमावले आहेत, रोज संध्याकाळी दहा वेळा, चेंबर दोनदा तपासून, रिकाम्या रायफलीने. शेजारच्या म्हाताऱ्या रँचरने पहिल्या वर्षी कुंपणावरून बघून विचारलं होतं, काय करतोयस? आता तो घड्याळ घेऊन मोजायला येतो.

*

गेल्या हंगामातला तिसरा दिवस. वारा पश्चिमेचा, झोंबरा. दुपारी पावणेचारला चांगला नर, अंतरमापकावर २६० यार्ड. नऊ सेकंदांत बसलो. कैची उभी, कोपर पिशवीवर. क्रॉसहेअर खांद्यामागे होता, पण वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर पोटापर्यंत जाऊन परत यायचा. डोळे मिटून उघडले, बूड सरकवलं, पुन्हा तेच. हरीण दीड मिनिट उभं होतं. मग चरत चरत ज्युनिपरच्या आड गेलं.

बोल्ट उघडून काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. परवाना त्या वर्षी कोराच राहिला. सोबतचा मित्र म्हणाला, मारायला हवं होतंस, एवढा वेळ होता. त्याच्याशी वाद घातला नाही. वेळ होता, स्थिर टेकू नव्हता. त्या वाऱ्यात, तेवढ्या अंतरावर माझी कैची कमी पडते, हे मला आता माहीत आहे. तिची हद्द मी शांत हवेत २५० आणि वाऱ्यात १५० यार्ड धरली आहे.

*

मकरंदला उत्तर. यादीतलं काहीही अजून घेऊ नकोस. शनिवारी तुला परवाना मिळालेल्या भागात जाऊन ये आणि झुडपात उतर. मग जमिनीवर, गुडघे वर करून, रायफल धरल्यासारखा बस आणि बरोबर येणाऱ्याला जमिनीपासून तुझ्या डाव्या तळहातापर्यंतची उंची टेपने मोजायला सांग. माझी २४ इंच भरते. तुझी जी भरेल ती मला कळव, ट्यूबची पट्टी मी कापून ठेवली आहे.